गेल्याला हाक नाही

नियम पाच मी अडीच तासांत लिहिला, आणि त्यातले दोन तास जेवणात गेले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला द्रष्टी वगैरे म्हणू लागलं तर तुम्हालाही माझ्याइतकीच शिसारी येईल.

मी वैजयंती सरनाईक. कोल्हापुरात राहते, मालिका लिहिते. 'परतफेरी' ही कालप्रवासाची मालिका मी नऊ वर्षं लिहिली. तिची नायिका उर्मिला शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी भूतकाळात जाऊन येते, एवढंच कथाबीज. पण कालप्रवास लिहायला बसलं की कळतं, हे काम कथा लिहिण्याचं नाही, कायदा लिहिण्याचं आहे. सासू-सुनेच्या मालिकेत मेलेली सासू चौथ्या महिन्यात उठून बसली तर प्रेक्षक चालवून घेतात. कालप्रवासात मात्र प्रत्येक जण वकील होतो. बार्शीचे एक निवृत्त पोस्टमास्तर दर भागानंतर मला पत्र पाठवायचे. 'भाग सत्तेचाळीसमध्ये उर्मिला मंगळवारी गेली. मंगळवारी ती तिथे आधीपासूनच होती. मग दोघी झाल्या का? खुलासा व्हावा.'

त्यांच्या धाकानेच मी नियमवही घातली. यंत्र जन्मण्याआधीच्या काळात जाता येणार नाही, हा पहिला नियम. दुसरा असा की बरोबर वस्तू नेता येणार नाही, फक्त शब्द नेता येतील. कारण एकदा उर्मिलेने औषधाची बाटली नेली आणि लोकांनी विचारलं, मग अख्खा दवाखाना का नाही नेला? एका क्षणात एकदाच जाता येतं, हा तिसरा. चौथ्याला मला तीन महिने लागले. मागे जाऊन जो बदल करतो त्याचा स्वतःचा दिवस बदलत नाही, त्या क्षणापासून एक दुसरा दिवस फुटतो आणि बदल त्या दिवसाला मिळतो. हा नियम सापडला तेव्हा सगळ्या गाठी एका फटक्यात सुटल्या आणि मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले होते. या चार नियमांचा मला आजही अभिमान आहे.

पाचव्याची गोष्ट वेगळी.

उर्मिलेच्या वडिलांचं काम श्रीरंग मयेकर करायचे. मालवणचे, बोलायला फटकळ, पण कामात चोख. दोनशे भाग झाले म्हणून निर्माते हिंदुराव इंगवले, म्हणजे आमचे आण्णा, यांनी बंगल्यावर सगळ्यांना जेवायला बोलावलं. तांबडा रस्सा खुद्द आण्णांच्या आईंनी केला होता. मयेकरांनी एक वाटी तोंडाला लावली आणि म्हणाले, "रस्सो बरो आसा, पण वायच पातळ झालो."

पंगतीत असा सन्नाटा पसरला की विचारू नका. कोल्हापुरात माणसाच्या घराण्याला नावं ठेवली तर एक वेळ मिटवता येतं, पण घरच्या रश्श्याला नावं ठेवली तर सोयरीक मोडते. आणि तोही आईच्या हातचा.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी मला ऑफिसात बोलावलं. "ताई, त्या मयेकराला मारा."

"मारते. पण आण्णा, नियम चारप्रमाणे उर्मिला दुसरा दिवस फोडेल आणि तिथे वडील जिवंत असतील. लोक विचारणारच."

"ते मला सांगू नका. कुठल्याच दिवसात त्यो जित्ता दिसाय नको. असला नियम काढा की मुडदा परत उठताच कामा नये."

मग जेवण आलं. आम्ही पोटभर जेवलो. हात धुतल्यावर मी नियमवही उघडली आणि अर्ध्या तासात लिहिलं : 'नियम पाच. मृत्यूची बातमी मागे न्यायची नाही. गेल्याला हाक नाही. हाक मारणारा स्वतः हरवतो.' ओळ कानाला गोड लागत होती. उर्मिला नदीकाठी उभी राहून ती ओळ म्हणाली तेव्हा महाराष्ट्र रडला. ओळ बनियनवर छापली, रिक्षांच्या मागे रंगवली, दहाव्याच्या पत्रिकेतही आली. एकट्या बार्शीहून कार्ड आलं : 'नियम चार खरा असेल तर नियम पाच कशासाठी? खुलासा व्हावा.' त्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही.

मालिका संपली आणि तीन वर्षांनी खरं यंत्र आलं.

पन्हाळ्याच्या बाजूला एका जुन्या दगडखाणीच्या पोटात डॉ. ललिता बर्वे आणि त्यांच्या माणसांनी ते बांधलं. मला समजलं तेवढं सांगते. अतिशय थंड ठेवलेलं एक स्फटिकाचं कडं आहे. त्यात प्रकाशाचा एक धागा न विझता सहा तास फिरत राहतो. या सहा तासांत त्या धाग्याचं आत्ताचं टोक आणि मागचं टोक जुळवता येतं. माणूस जात नाही, वस्तू जात नाही. साठ अक्षरांचा निरोप मात्र जातो, फार तर सहा तास मागे. आणि गंमत अशी, की माझा नियम चार निसर्गालाही मान्य निघाला. निरोप मागे गेला की तिथून दुसरा दिवस फुटतो. ज्याने पाठवला त्याच्या हाती काही लागत नाही. त्याचा दिवस होता तसाच राहतो.

मग पाठवायचं कशाला? हे डॉ. बर्वे फार सोपं करून सांगत. "आपण पाठवलं की कुठल्यातरी दिवसाला मिळतं. कुठल्यातरी दिवसाने पाठवलं की आपल्याला मिळतं. त्या दिवसांत राहणारी माणसंही आपणच. नियमही तेच. त्यामुळे जे आपण पाठवत नाही ते आपल्याला कधी येतही नाही."

पहिल्या वर्षी गारपिटीचे निरोप आले, विजेची जाळी कोसळण्याचे आले. द्राक्षवाल्यांनी बागा झाकल्या. काम झालं की खाणीतल्या निरोप-केंद्रात जाऊन कुणीतरी तशीच एखादी आपल्याकडची बातमी मागे पाठवायचा. चांगली शेजारधर्माची पद्धत पडत होती. मग सरकारला जाग आली, की याला नियम पाहिजेत. रिवाजाप्रमाणे तीस दिवसांत हरकती आणि सूचना मागवल्या. एक्केचाळीस हजार आल्या. त्यातल्या अडतीस हजार शब्दन् शब्द एकच होत्या : 'परतफेरी'चे पाच नियम. मालिकेच्या चाहत्यांनी एकमेकांना पाठवून, खाली आपापलं नाव घालून पेटीत टाकल्या होत्या. सरकारी टिपणीत शेरा आला, 'लोकभावना स्पष्ट आहे.' पाचही नियम मंजूर झाले, आणि ते केले म्हणून मला नियम समितीवर घेतलं.

मी गेले. ठेवणीतली साडी नेसून गेले. पहिल्याच बैठकीत डॉ. बर्वेंनी विचारलं, "पहिल्या चारांचं कारण मला कळतं. पाचव्याचं कारण काय?"

मी म्हणाले, "काही गोष्टी कारणाच्या पलीकडच्या असतात."

टाळ्या पडल्या. आता आठवलं की ओकारी येते, पण त्या दिवशी मला टाळ्या आवडल्या होत्या. नियम पाच फ्रेम करून केंद्राच्या खिडकीशी लावला गेला, आणि दोन वर्षं राहिला.

एका रविवारी सकाळी दारात एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाला, "मी बाळकृष्ण हावळ. इचलकरंजीचा. मागावर असतो. म्याडम, तुमीच नियम केलाय न्हवं?"

मी आत बसवलं. त्याने पुडकं टेबलावर ठेवलं. स्वतः विणलेले दोन टॉवेल होते. मग पाणी पिऊन तो सांगू लागला. आवाज अजिबात चढवला नाही, म्हणून ऐकणं जास्त कठीण होतं.

त्याची सतरा वर्षांची मुलगी, राजनंदिनी, सकाळी नऊ वाजता परसातल्या शेवग्याच्या शेंगा काढत होती. लोखंडी आकडी वरच्या विजेच्या तारेला लागली. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी हात टेकले. "कुणीतरी म्हणालं, केंद्रात जावा. गाडी काढली आन् थेट गेलो. अकरा वाजलेवते. म्हंजे चार तास हातात होते, म्याडम. मला ठावं होतं की माजी पोर माज्या घरात परत यायची न्हाई. तेवढं समजतंय मला. पर कुठल्या तरी दिवसात, कुठल्या तरी बाळू हावळाला त्यो निरोप मिळला असता. त्याची तरी उठून आली असती घरात. मी म्हटलं, माज्याकडनं तेवढं करा. खिडकीतल्या बाईनं बोट करून तुमची ओळ दावली."

मी पुडक्यावरचा कागद सरळ करत राहिले.

"मी भांडाय आलो न्हाई. तीनशेबारा घरांनी मिळून अर्ज केलाय, नियम काढा म्हणून. माजी पण सही हाय. सुनावणी हाय तीन आठवड्यांनी. पर मला झोप लागंना. मी म्हणतो, एवढा मोठा नियम, एवढी शिकलेली माणसं, मग कायतरी लई मोठं कारण असंलच की. तेवढं मला सांगा. कारण कळलं तर मी गप बसीन."

खरं सांगायची ती वेळ होती. 'रस्सा पातळ होता' एवढे तीन शब्द. ते माझ्या जिभेपर्यंत आले आणि तिथेच चिकटले. त्याच्या तोंडाकडे बघून ते शब्द निघणं शक्य नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला स्वतःची लाज झाकायची होती, आणि गोड ओळी लिहायची सवय हाताला जशी होती तशी तोंडालाही होती.

मी म्हणाले, "हावळ, जो गेलेल्याला हाक मारत राहतो तो आपल्या दिवसातून उठून जातो. दुसऱ्या दिवसातली राजनंदिनी वाचली की तुमचं मन कायमचं त्या दिवसात जाऊन बसलं असतं. मग इथे मागे उरलेल्यांकडे कोण बघणार? धाकटं कुणी आहे?"

"पोरगा हाय. आठवीला."

"त्याच्यासाठी हा नियम आहे."

टॉवेलांवरून त्याने एकदा हात फिरवला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. "असं हाय व्हय," म्हणाला. "हे कुणी सांगितलंच न्हाई मला." उठला, आणि मी नको नको म्हणेपर्यंत खाली वाकून माझ्या पायांना हात लावला.

तो गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन पाय धुतले. दोनदा धुतले. आपल्याच पायांची अशी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती.

संध्याकाळी मी आण्णांकडे गेले. म्हटलं, निदान एका माणसाला खरं माहीत आहे, तो माझ्या बाजूने उभा राहील तर मला सुनावणीत बोलता येईल. आण्णा झोपाळ्यावर बसून कणीस खात होते.

"ताई, तुमी हे आता कुठं उकराय लागलाय?" दाणे चावत चावत ते म्हणाले. "आवो, आपला नियम सरकारनं घेतला! कुठल्या मालिकेचं असं नशीब असतं? मी तर नवीन मालिका काढतोय, नावच 'नियम पाच'. ती अर्ज केलेली मंडळी हायत न्हवं, त्यातली चार-पाच जण घेऊया. खरी माणसं, खरं रडणं."

"आण्णा, माणसं गेली आहेत. नियमामुळे त्यांना निरोप पाठवता आला नाही. आणि त्यामुळेच आपल्यालाही एकही आला नाही. दोन वर्षांत किती वाचली असती, मोजता येत नाही."

"मग मोजू नका की." त्यांनी कणसाचा बुरकुंडा कुंडीत टाकला. "आन् रश्श्याचं काढाल तर आईचं नाव येईल त्यात. जाऊन आठ वर्सं झाली तिला. मयेकर पण गेला. आता कुणाला खरं-खोटं करायचंय? आपण दोघंच हाय. गप बसूया."

दातांत अडकलेला दाणा ते करंगळीच्या नखाने काढत होते. मला त्यांचा राग येईना, नुसती घृणा वाटत होती. पण त्यांनी तरी फक्त रश्श्याचा अपमान मनावर घेतला होता. त्याला शहाणपणाचं सोंग मी चढवलं होतं. दगडाला शेंदूर फासणारी मीच, आणि नवसाला आलेल्यांकडून पाया पडून घेणारीही मीच.

सुनावणी केंद्रातच होती. खाणीतल्या दालनाला मधे काचेची भिंत, पलीकडे ते कडं आणि यंत्रावर बसलेली चालक मुलगी. अलीकडे समितीचे आम्ही सात जण, समोर अर्ज केलेली माणसं. नियम काढायला सातांतली पाच मतं लागत. डॉ. बर्वे आणि आणखी एक जण काढण्याच्या बाजूने आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. मी कुठल्या बाजूची, हे मला धरून कुणालाच माहीत नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं की गुपचूप नियमाच्या विरोधात मत द्यायचं आणि तोंड उघडायचं नाही. पळवाट होती, पण निदान योग्य दिशेची पळवाट, असं वाटत होतं.

पाच-सहा जण बोलले. एका बाईचा नवरा मोटार घसरून गेला होता. एका आजोबांची नात विहिरीत. समितीतले दोघे डोळे पुसू लागले होते. असं वाटत होतं की होईल, पाच होतील.

मग हावळ उठला.

"माजी पोरगी गेली," तो म्हणाला. "मी पण भांडलो. सही केली. पर मग मी म्याडमच्या घरी गेलो आन् कारण इचारलं." त्याने माझ्याकडे हात केला. "त्यांनी मला सांगितलं, जो हाक मारत ऱ्हातो त्यो आपल्या दिवसातनं उठून जातो. माझं बारकं पोरगं आठवीला हाय. त्याची ताई गेल्यापासनं मी त्याच्याशी धड बोललो नव्हतो. त्या दिवशी घरी जाऊन त्याला जवळ घेतलं. आता मी तुमा सगळ्यांस्नी हात जोडून सांगतो, सह्या माघारी घ्या. नियम बरोबर हाय."

सगळं दालन रडत होतं. ज्या बाईचा नवरा गेला होता तिने अर्जाची प्रत घडी करून पिशवीत ठेवली. माझ्या शेजारच्या दोघा सदस्यांनी माना डोलावल्या. एक जण मला हळूच म्हणाला, "किती थोर सांगितलंत हो."

डॉ. बर्वेंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हावळ, म्हणजे नियम राहावा असं तुमचं म्हणणं?"

"व्हय. ऱ्हावा."

मी उभी राहिले. कशी उभी राहिले ते सांगता येत नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. मळमळ असह्य झाली की माणूस जसा मोरीकडे धावतो तशी उठले.

"हावळ, मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्याचे हात अजून जोडलेलेच होते.

"नियम पाचला कारण नाही. श्रीरंग मयेकर नावाच्या नटाने आमच्या निर्मात्यांच्या घरच्या रश्श्याला पातळ म्हटलं. निर्मात्यांना राग आला. त्या नटाला मालिकेत परत घ्यायचं नव्हतं. मेलेलं पात्र परत येऊ नये म्हणून मी जेवण झाल्यावर हा नियम लिहिला. बाकी सगळं मी नंतर जोडलं. इथल्या पहिल्या बैठकीत जोडलं, आणि तुमच्यासमोर बसूनही जोडलं."

मागे कुणीतरी हसलं. फार नाही, फस्सकन, आणि लगेच गप्प झालं.

हावळच्या कपाळावर आठी होती. जड गणित घातल्यासारखा तो विचार करत होता. "रस्सा?" त्याने विचारलं. "कसला रस्सा?"

"मटणाचा," मी म्हणाले.

"खायचा?"

"हो. खायचा."

हे दोन प्रश्न आणि दोन उत्तरं यांच्याइतकं घाण मी आयुष्यात काही बोललेली नाही. तो खाली बसला. बसताना त्याने खुर्ची हाताने चाचपून बघितली.

एक सदस्य म्हणाले, "पण बाई, हेतू काही असो, नियमाचं शहाणपण तर..." डॉ. बर्वेंनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "हावळांना जे वाटलं ते हावळांचं शहाणपण होतं," त्या म्हणाल्या. "पोराला जवळ घ्यायला यंत्राचा नियम लागत नाही. हात वर करा."

सहा हात वर झाले. नियम पाच गेला तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दोन वर्षं ज्याच्यापुढे माणसं कपाळ आपटून परत गेली, तो काढायला हात वर करून खाली घेण्याइतकाच वेळ लागला.

कुणी उठलं नाही. पुढे काय करायचं कुणाला माहीत नव्हतं. आणि तीन मिनिटांनी काचेपलीकडची चालक मुलगी ताडकन उभी राहिली. तिने कागद काचेला लावून धरला. 'उचगाव. पाण्याची टाकी. रंगारी. दुपारी दोन. वर चढू देऊ नका.'

"नियम गेलेल्या दुसऱ्या कुठल्यातरी दिवसातून आलाय," डॉ. बर्वे हळू आवाजात म्हणाल्या. "तिथे आज दोनला तो पडला. त्याच्या घरचं कुणीतरी इथे आलं असणार. स्वतःच्या हाती काही लागणार नाही हे माहीत असूनही आलं असणार."

मग धावपळ झाली. उचगावचा सरपंच फोनवर सापडला, त्याने टाकीजवळच्या दुकानदाराला फोन लावला, दुकानदार पळत गेला. चालक मुलीने फोन स्पीकरवर टाकला होता. लांबून पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि मग एका माणसाचा खणखणीत आवाज :

"कोन हाय रं त्यो? आरं, दोरी-बिरी बांधून झालीया माजी, आन् खाली उतर म्हणतोस? दिवस बुडवला की माजा! तुज्या आयला..."

पुढच्या शिव्या मी लिहीत नाही. मालिकेत कधी लिहिता आल्या नसत्या इतक्या जिवंत होत्या. समोर बसलेली माणसं तो आवाज ऐकत होती. नवरा गेलेल्या बाईने तोंडावर पदर धरला होता.

हावळ उठून काचेजवळ गेला होता. त्याने भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे आला. अगदी जवळ येऊन उभा राहिला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"चार मिनटं लागली," तो म्हणाला. "फोन कराय धरून. मी आलो तवा माज्या हातात चार तास होते."

"हो."

"म्याडम, एवढंच होतं?"

त्याला द्यायला माझ्याजवळ एकही गोड ओळ उरली नव्हती. मी म्हणाले, "हो. एवढंच होतं."

तो जाऊन पुन्हा त्या माणसांत बसला. फोन कुणी बंद केला नव्हता, रंगारी अजून शिव्या देत होता.